‘सोडायची गोळी’ चिठ्ठीशिवाय द्यावी का?

प्रश्न, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवणाऱ्या बी.फार्म. झालेल्या फार्मासिस्टचं हे पत्र आहे. ते लिहितात: “दुकानात एक टेम्पोचालक येतो, वय ४६. रोज एक बंडल बिडी, पहिली सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी. दम लागतो म्हणून थिओफिलिनची गोळी कायम चालू. दोन महिन्यांपूर्वी त्याने ‘बिडी सोडायची गोळी द्या’ असं सांगितलं. मी २ मि.ग्रॅ.चा निकोटीन गम दिला. चार दिवसांनी परत आला. म्हणाला, ‘दिवसाला तीन चघळले. नुसती उचकी लागते, घशाशी जळजळतं, आणि तलफ आहे तिथंच आहे.’ डॉक्टरांकडे पाठवलं, तर ‘मनावर घे, सुटेल’ म्हणून त्यांनी परत धाडलं. माझी वर्गमैत्रीण कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात फार्मासिस्ट आहे. ती व्हॅरेनिक्लिन या तंबाखू सोडवणाऱ्या गोळीची चिठ्ठी स्वतः लिहून देते. औषध तेच, पुस्तकं तीच. मग मी हात बांधून का बसायचं? एक पाकीट त्याच्या हातात ठेवलं तर भलंच होईल ना?”

उत्तर:

तुमची तळमळ खरी आहे, आणि तुमचा राग रास्त आहे. माणूस स्वतःहून काउंटरवर येतो, ‘सोडायचंय’ म्हणतो, आणि त्याला उपचार मिळत नाही, ही गोष्ट साधी नव्हे. तंबाखू सोडायची इच्छा चार-सहा दिवस टिकते आणि विरते. त्या दिवसांत त्याच्या सगळ्यात जवळ, बिनअपॉइंटमेंटचा, रात्री नऊपर्यंत उघडा असतो तो फार्मासिस्टच. म्हणून आधीच सांगतो, योग्य अटी घालून फार्मासिस्टला ही चिठ्ठी लिहायचा अधिकार मिळावा असं माझंही मत आहे. पण तो आज नाही, आणि तुम्ही ते पाकीट चिठ्ठीशिवाय देऊ नये, असंही माझं मत आहे. तेवढं सांगून थांबलो तर मात्र तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहून जाईल. ती म्हणजे उचकी.

तीन गम, उचकी, जळजळ. हे वाचून गम लागू पडला नाही असं तुम्ही धरलं. मला वाटतं, उपचार सुरूच झाला नाही.

निकोटीन गम हा चघळून खायचा गम नाही. त्यातलं निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. च्युइंगमसारखा भराभर चावला की निकोटीन लाळेत उतरतं, लाळ गिळली जाते, आणि ते पोटात जातं. तिथे ते जळजळ आणि उचकी देतं, आणि रक्तात शिरण्याआधी यकृत त्यातलं बरंचसं मोडून टाकतं. म्हणजे त्रास पुरता, फायदा नाममात्र. बरोबर पद्धत अशी: गम सावकाश आठ-दहा वेळा चावायचा, जिभेला मिरीसारखी चरचर जाणवली की थांबायचं, आणि तो गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा. मिनिटभराने चरचर ओसरली की पुन्हा थोडा चावायचा आणि दुसऱ्या गालात ठेवायचा. असा एक गम अर्धा तास चालतो. ज्याने आयुष्यात कधी तंबाखूचा बार भरला असेल त्याला हे एका वाक्यात कळतं: “बारासारखा दाबून ठेव, चघळू नको.”

दुसरी चूक चहाची. गम तोंडात घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत काही नको. आंबटपणाने लाळेचा गुण बदलतो आणि निकोटीन गालातून आत शिरत नाही. टेम्पोवाला माणूस स्टँडवर चहा मारतो आणि वर गम टाकतो. तो गम वाया.

तिसरी चूक संख्येची, आणि ही चूक त्याची नाही, काउंटरची आहे. पहिल्या सहा आठवड्यांत दर एक-दोन तासांनी एक गम, दिवसाला किमान नऊ, असं हे औषध बेतलेलं आहे. वरची मर्यादा चोवीस. मग सातव्या ते नवव्या आठवड्यात दोन ते चार तासांनी एक, दहाव्या ते बाराव्यात चार ते आठ तासांनी एक, आणि मग बंद. तलफ आल्यावर शोधायचं हे औषध नाही, ती येऊच नये म्हणून घड्याळ लावून घ्यायचं आहे. दिवसाला तीन म्हणजे तापाला पाव गोळी. शिवाय उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागते, त्याला ४ मि.ग्रॅ.चा गम लागतो. आपल्याकडे २ मि.ग्रॅ.पर्यंतचा गम चिठ्ठीशिवाय देता येतो, ४ मि.ग्रॅ.ला चिठ्ठी हवी. म्हणून काही दुकानदार “दोन-दोनचे दोन एकदम घे” सांगतात. तसं सांगू नका. पुन्हा उचकी, मळमळ, आणि गिऱ्हाईक कायमचं गेलं. चिठ्ठी येईपर्यंत २ मि.ग्रॅ.चाच, पण दर तासाला एक, हे सांगा.

खर्चाचंही सरळ बोला. दिवसाला नऊ म्हणजे सहा आठवड्यांत ३७८ गम. बिडीच्या बंडलापेक्षा हे महाग पडतं, आणि ते त्याला तिसऱ्या दिवशी कळलं तर तो तिथेच थांबेल. एकदम सगळे विकू नका. एका आठवड्याचे ६३ द्या, आणि पुढचे घ्यायला येईल तेव्हा पाच मिनिटं बोला. गम घ्यायला येणं हीच त्याची तपासणी. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशन मिळतं. औषध शिल्लक आहे का, हे तुम्हीच आधी फोन करून विचारा, त्याचा एक दिवसाचा धंदा बुडवून त्याला हेलपाटा घालू नका.

आता ऑन्टारिओ. तुमची मैत्रीण करते ते खरं आहे, पण त्यातला ‘लिहिते’ हा शब्द तुम्ही उचललात आणि बाकीचं मागे राहिलं. तिथे ऑक्टोबर २०१२ पासून फार्मासिस्टना तंबाखू सोडवण्यासाठी दोनच औषधं लिहायची मुभा मिळाली: व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन. किरकोळ आजारांसाठी लिहायची परवानगी मिळायला पुढे २०२३ उजाडलं. म्हणजे नव्याने चिठ्ठी लिहिण्याचा विश्वास त्या प्रांताने फार्मासिस्टवर टाकला तो आधी याच कामासाठी, आणि अटी घालून. माणसाची नीट विचारपूस करायची, ती लिहून ठेवायची, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवायचं, आणि चिठ्ठी त्याच्या हातात देऊन सांगायचं की हे औषध तू कुठल्याही दुकानातून घेऊ शकतोस. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. लिहिणारा आणि विकणारा एकच असला की मनात कुठेतरी गल्ला वाजतो. तो वाजू नये याची सोय त्यांनी नियमातच केली. त्याच्या आदल्या वर्षी, २०११ साली, सरकारी औषधयोजनेतल्या लोकांसाठी तिथल्या फार्मसींमध्ये तंबाखू सोडवण्याचा कार्यक्रम सुरू झाला होता. त्यात पहिलं सविस्तर बोलणं आणि मग वर्षभरात ठरावीक टप्प्यांनी पुन्हा भेटी, आणि त्या बोलण्याचे पैसे फार्मासिस्टला वेगळे. आधी बोलण्याची घडी बसली, मग लेखणी हातात आली. आणि पुस्तकं तीच असली तरी तुमच्या मैत्रिणीला तिथल्या परीक्षा नव्याने द्याव्या लागल्या असणार, हेही धरा. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने अशी परवानगी २००४ सालीच दिली होती, तिथेही प्रशिक्षणाची अट होतीच.

मग आपल्याकडे अडतं कुठे? व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची औषधं आहेत. चिठ्ठीशिवाय दिली तर औषध नियमांचा भंग होतो आणि दुकानाचा परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. पण समजा परवान्याची भीती बाजूला ठेवली. तुमच्या टेम्पोवाल्याकडेच बघू.

व्हॅरेनिक्लिन मेंदूत निकोटीनच्याच जागी बसतं, तिथे थोडी उत्तेजना देतं आणि बिडीतल्या निकोटीनला जागा ठेवत नाही. म्हणून तलफही कमी होते आणि ओढलेल्या बिडीची मजाही जाते. डोस चढता: पहिले तीन दिवस अर्धा मि.ग्रॅ. एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी अर्धा मि.ग्रॅ. दोनदा, आठव्या दिवसापासून एक मि.ग्रॅ. दोनदा, एकूण बारा आठवडे. बिडी आठव्या दिवशी सोडायची. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर. उपाशीपोटी घेतलं तर मळमळ ठरलेली. चित्रविचित्र स्वप्नं पडतात. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर डोस अर्ध्यावर ठेवावा लागतो. कधी फिट आली होती का, हे विचारावं लागतं. दारूचा अंमल नेहमीपेक्षा जास्त चढल्याची उदाहरणं आहेत. चक्कर येऊ शकते, झापड येऊ शकते, क्वचित शुद्ध हरपल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून औषध आपल्याला कसं मानवतं ते कळेपर्यंत गाडी चालवताना जपायला सांगतात. तुमचं गिऱ्हाईक टेम्पो चालवतं. तो संध्याकाळी घेतो का, त्याची साखर-किडनी कधी तपासली, लहानपणी झटके आले होते का, यातलं काहीच पत्रात नाही. कदाचित तुम्हाला माहीत असेल. पण ‘एक पाकीट हातात ठेवतो’ म्हणताना ते कुठे लिहिलं जाणार नव्हतं, आणि घाटात काही झालं तर ते कशाने झालं हे कुणालाच कळणार नव्हतं.

हे औषध भयंकर आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. मनावर वाईट परिणाम होतात म्हणून त्याच्यावर अमेरिकेत ठळक चौकटीतला इशारा होता. आठ हजारांहून अधिक लोकांवरच्या मोठ्या चाचणीनंतर तो डिसेंबर २०१६ मध्ये काढला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आहे ते चांगलंच औषध. ते फक्त पाच प्रश्न विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

आणि सहावा प्रश्न तुमच्या पत्रातच पडलेला आहे: थिओफिलिन. बिडी-सिगारेटच्या धुरातल्या डांबराने यकृतातलं एक विकर (एन्झाइम) चेकाळतं आणि थिओफिलिन भराभर मोडतं. म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. त्याने बिडी सोडली की आठवड्याभरात ते विकर ताळ्यावर येतं, आणि तीच गोळी, तोच डोस त्याला जास्त व्हायला लागतो: मळमळ, हात थरथरणं, छातीत धडधड, झोप उडणं. तो म्हणेल, “बिडी सोडली आणि त्रास सुरू झाला,” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवेल. डोस पाव ते एक तृतीयांश कमी करावा लागू शकतो. ते डॉक्टरांनी ठरवायचं. गम घेतल्याने किंवा पॅच (अंगावर चिकटवायची निकोटीनची पट्टी) लावल्याने यात फरक पडत नाही, कारण हा प्रताप धुराचा, निकोटीनचा नव्हे. याच कारणाने मळून खाणाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. मानसिक आजारावरच्या क्लोझापिन आणि ओलान्झापिनलाही हेच लागू आहे. चहा-कॉफीतलं कॅफिनही याच वाटेने जातं, म्हणून सोडणाऱ्याला सांगा: चहा निम्म्यावर आणा, नाहीतर अस्वस्थपणा चहाचा आणि दोष बिडी सोडल्याला. ही गोष्ट डॉक्टरांच्याही घाईत निसटू शकते. ती पकडणं हे फार्मासिस्टचंच काम. तुमच्या हातात लेखणी नाही म्हणता, पण हे हातात आहे.

म्हणून डॉक्टरांकडे माणूस रिकाम्या हाताने पाठवू नका. ‘मनावर घे’ म्हणणारे डॉक्टर बहुतेकदा वाईट नसतात. त्यांच्यासमोर गर्दी असते आणि ‘बिडी सोडायचीय’ एवढंच ऐकून काय लिहायचं ते चटकन सुचत नाही. एका कोऱ्या कागदावर तुम्ही लिहून द्या: वय, धंदा, किती वर्षं, दिवसाला किती, उठल्यावर किती वेळात पहिली. आधी कधी सोडली होती आणि कशाने परत सुरू झाली. चालू औषधं. फिट, किडनी, हृदयविकार, दारू, मनाचा आजार: प्रत्येकापुढे हो किंवा नाही. खाली एक ओळ: “४ मि.ग्रॅ. गम किंवा व्हॅरेनिक्लिन यांपैकी योग्य वाटल्यास चिठ्ठी द्यावी. दर आठवड्याची विचारपूस मी दुकानात करीन आणि आपल्याला कळवीन.” या ओळीने डॉक्टरांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. चिठ्ठी त्यांची, पाठपुरावा तुमचा. एकदा दोन-तीन माणसं सुटलेली त्यांनी पाहिली की पुढचे कागद तेच मागून घेतील.

पॅचबद्दल थोडं. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला सहा आठवडे २१ मि.ग्रॅ., मग दोन आठवडे १४, मग दोन आठवडे ७. वेष्टनावर चिठ्ठीची लाल रेघ असेल तर चिठ्ठीवरच. दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी, रोज जागा बदलून. झोप मोडत असेल तर रात्री काढायचा. पॅच आणि वर तलफेला गम, ही जोडी दोन्हींपैकी कुठल्याही एकापेक्षा सरस ठरलेली आहे. घामाने सुटतो, ही आपल्या उन्हाळ्यातली खरी अडचण. कागदी चिकटपट्टी वरून लावली की भागतं. मधे एखादी बिडी ओढली गेली म्हणून पॅच किंवा गम फेकून देऊ नये, उपचार चालूच ठेवावा, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा; माणूस शरमेने दुकानात येणं बंद करतो ते यावरूनच.

काही जणांना मात्र गमही न देता आधी डॉक्टर: गेल्या दोन आठवड्यांत हृदयविकाराचा झटका आलेला, छातीत दुखणं वाढत चाललेला, हृदयाचे ठोके गंभीरपणे अनियमित असलेला, गरोदर बाई, अठराच्या खालचं मूल.

हे सदर वाचणाऱ्या इतर औषधविक्रेत्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. महाराष्ट्रात ओढणारे थोडे आणि खाणारे फार. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि धूरविरहित तंबाखूवाले २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी मळलेली तंबाखू आणि मिश्री घरोघर आहे. त्यांनाही गम चालतो. पण आधी तोंड उघडायला लावा. तीन बोटं उभी आत जात नसतील, गाल आतून पांढरट-ताठ असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर गम विकू नका, दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा. कवळी असेल तर गम कवळीला चिकटतो. मिश्री लावणाऱ्या बाया बहुधा “त्याशिवाय पोट साफ होत नाही” सांगतात, बिडीवालेही सांगतात. ते खोटं नसतं. निकोटीन आतड्याला ढकलतं, आणि सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठ होतो. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, हे आधीच सांगून द्या. एवढ्या एका कारणासाठी पुन्हा सुरू करणारे आहेत. ई-सिगारेट मागायला कुणी आलं तर सरळ नाही म्हणा. २०१९ च्या कायद्याने तिची विक्री गुन्हा आहे.

अधिकाराचा मुद्दा राहिला. तो मागायलाच हवा. पण मागताना आपल्या घरातली एक गोष्ट आधी निस्तरावी लागेल. कितीतरी दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट भलतीकडेच, काउंटरवर दहावी झालेला मुलगा. चिठ्ठीचा अधिकार भिंतीवरच्या चौकटीला देता येणार नाही. तुम्ही स्वतः काउंटरवर उभे असता, पत्रावरून दिसतंच. म्हणून तुमच्यासारख्यांनी वही ठेवावी: तारीख, सोडायचा ठरलेला दिवस, काय दिलं, तिसरा दिवस, सातवा दिवस, दुसरा, चौथा, आठवा आणि बारावा आठवडा, ओढली की नाही. माणसाची परवानगी घेऊन, आणि वही कुलपात. तालुक्यातल्या पाच-सहा दुकानांनी वर्षभर अशा वह्या ठेवल्या तर जिल्ह्याच्या औषधविक्रेता संघटनेला अन्न व औषध प्रशासनापुढे नेमकं काहीतरी ठेवता येईल. आत्ता आपल्याजवळ तक्रार आहे, नोंद नाही.

टेम्पोवाल्याला तुम्हीच फोन करा, तो येईल याची वाट बघू नका. गम वाईट नव्हता, कसा ठेवायचा ते मी सांगायला चुकलो, असं म्हणा. हे तुमच्या तोंडून ऐकणं त्याला फार मोलाचं वाटेल. त्याच्यासमोर एक गम तोंडात ठेवायला लावा आणि चरचर कुठे येते ते विचारा. सुट्टीचा दिवस बघून सोडायची तारीख ठरवा. राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये तुम्हीच भरून द्या. तो बिडी-सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतोच, पण पाकीट हातात असताना तो कुणी लावत नाही. आणि डॉक्टरांसाठीचा कागद लिहाल तेव्हा थिओफिलिन, त्याचा डोस आणि बिडी सोडायची तारीख सगळ्यात वर लिहा, खाली रेघ मारून.